खाल्ल्या मिठाला

सकाळी सातला गोळी. पांढरी, मसुरीएवढी,
मधोमध चीर, अर्धी करता यावी म्हणून.
मी कधी अर्धी केली नाही, कधी चुकवली नाही,
असं डॉक्टर तेल्माबाईंना सांगते
तेव्हा एक दिवस मोजत नाही.

गोळीआधी काट्यावर, नुसत्या गाऊनमध्ये.
आकडा फ्रिजवरच्या कागदावर.
दोन दिवसांत दोन किलो चढले तर फोन करायचा.
"चरबी नाही, देओलिंदा, पाणी आहे हे,"
म्हणत बाईंनी नडगीवर अंगठा दाबून धरला.
खळगा पडला. आम्ही दोघी बघत राहिलो.
ओल्या वाळूतलं पाऊल भरत यावं
तसा तो सावकाश भरला.
पाणी कुठे मुरतंय ते मला असं कळलं,
एकाहत्तराव्या वर्षी.

एकतीस वर्षं मी कॉड खारवला,
इल्यावूच्या पलीकडे, गाफान्याच्या शेडमध्ये.
रबरी एप्रन, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या,
एक थर मासा, एक थर मीठ, पुन्हा मासा.
समोरच्या टेबलाशी एतेल्विना,
माझ्याहून दोन थर पुढे, कायम.
रात्रीतून तळाशी पाणी सुटायचं,
कुणी न पिळता.
मीठ पाणी ओढून काढतं, हे हातांनी शिकलेली मी;
आता बाई सांगतात, अंगात गेलं की तेच मीठ
पाणी धरून बसतं.
असेल. माझं अंग खाल्ल्या मिठाला जागतं,
सोडत नाही.
कारखान्याने सोडलं, एका सोमवारी, चिठ्ठी देऊन.

आठला गोळी बोलायला लागते.
मग दुपारपर्यंत मी घराबाहेरची नाही.
आवेरूची बस वीसच मिनिटांची,
पण त्यात तीन सिग्नल आणि एक पूल.
गावातले संडास मला तोंडपाठ:
बाजारामागचा, त्याची किल्ली सार्डिनवाल्या ग्रासिंदाकडे;
औषधवाल्याचा, तोंड वेंगाडलं तर;
चर्चचा, रविवारीच.
रक्त तपासून रोज एक केळं लावून दिलंय,
तरी सकाळची गोळी, रात्रीचा गोळा,
पोटरी धरून मी भिंतीला पाय लावते
आणि माझ्या नवऱ्याच्या फोटोला शिव्या देते,
कारण जागं दुसरं कुणी नसतं.

तो एक दिवस.
एतेल्विनाची मिस्सा दहाला, मग दफन,
कबरस्तानात आडोसा म्हणून एक सुरूचं झाड.
गोळी मी काडेपेटीत ठेवून दिली.
शेवटपर्यंत उभी राहिले, सगळ्यांच्या पुढे.
तिच्या सुना रडल्या, पाद्रीही रडला,
माझ्यातून थेंब गेला नाही,
ना खालून, ना वरून.

रात्री बूट निघेना. भाच्याने नाडीच कापली.
तीन उशा घेतल्या तरी छातीत ओलं पोतं.
तीन वाजता उठून स्वयंपाकघरात बसले.
टोपात शुक्रवारचा कॉड भिजत होता,
त्याचं पाणी बदलायचं राहिलेलं.
बदललं.
मग काडेपेटी उघडली.

उजाडेपर्यंत सहा खेपा.
चौथीला, दिवा न लावता बसले असताना,
रडू आलं. एतेल्विनासाठी. तिथेच,
गार टाइल्सवर अनवाणी पाय टेकून,
दोन्हीकडून एकदम.
कागद होता हाताशी, ही एक सोय.

सकाळी काटा: दीड किलो कमी. लिहिलं.
तारखेपुढे कारण लिहायची जागा नाही.
टोपातला एक कोपरा तोडून चाखला,
तिच्यासारखा, पुढच्या दातांनी, डोळे मिटून.
मोठा तुकडा असला की ती म्हणायचीच,
घाई नको गं पोरी,
अजून एक पाणी लागेल.